वीजशोधक यंत्र: खरा उपयोग वादळ निघून जाताना

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ सांभाळते. आमचं मैदान चहूबाजूंनी उघडं आहे. एका कडेला पत्र्याची शेड, दुसऱ्या कडेला तारेच्या जाळीचं कुंपण. भिंती-छप्पर असलेली पक्की इमारत गाठायची, तर लहान मुलींना घेऊन पाचेक मिनिटं सहज लागतात. त्या पाच मिनिटांची काळजी म्हणून मी तळहाताएवढं वीजशोधक यंत्र घेतलं. विजांच्या दिवसांत ते नियमित वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण मी सांगणार आहे ते गुणदोष एका कंपनीपेक्षा या जातीच्या यंत्रांचे आहेत.

आधी निकाल सांगते. घ्या. पण वादळ येतंय एवढंच कळावं म्हणून घेत असाल, तर कान आणि डोळेही बरंच काम करतात. वादळ गेलं असं सगळ्यांना वाटू लागतं आणि पोरी बूट बांधून दारात उभ्या राहतात, तेव्हा या यंत्राचे पैसे वसूल होतात.

काही पालकांनी विचारलं म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे यंत्र वीज अडवत नाही आणि स्वतःकडे ओढूनही घेत नाही. ते फक्त ऐकतं. वीज म्हणजे प्रकाश आणि आवाज एवढंच आपल्याला जाणवतं, पण त्याच क्षणी रेडिओ लहरींचा मोठा लोटही बाहेर पडतो. मध्यम लहरींचा जुना रेडिओ ज्यांच्या घरी होता, त्यांना लांबवर वीज चमकली की येणारी खरखर आठवत असेल. ती खरखर म्हणजे हाच लोट. माझ्या यंत्रात एएस३९३५ नावाची चिप आहे. ती ५०० किलोहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी पकडते, लहरीचा आकार विजेसारखा आहे का ते तपासते आणि वादळाची पुढची कड साधारण किती लांब आहे याचा अंदाज पडद्यावर दाखवते. ४० किलोमीटरपासून सुरुवात होते, मग टप्प्याटप्प्याने आकडा खाली येतो आणि ५ च्या खाली गेलं की थेट 'डोक्यावर'.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ मध्ये घरावरच्या सळईला दोन घंटा जोडल्या होत्या. भारलेला ढग वरून जाऊ लागला की मधला लोलक हलून त्या वाजायच्या. पुढे १८९५ मध्ये रशियात अलेक्झांडर पोपोव्ह यांनी धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी वापरून लांबच्या विजांच्या रेडिओ लहरी टिपल्या. लहर आली की किसातून विद्युतप्रवाह वाहू लागायचा, घंटी वाजायची आणि त्याच घंटीचा हातोडा नळीवर टकटक करून किस पुन्हा सैल करायचा, म्हणजे पुढच्या विजेसाठी नळी तयार. आज माझ्या शिट्टीशेजारी लटकणारं यंत्र त्याच घराण्यातलं आहे.

पडद्यावरच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे कळायला विजेचं थोडं तंत्र समजून घ्यावं लागतं. गडगडाटी ढगात, जिथे तापमान उणे १० ते उणे २० अंशांच्या आसपास असतं, तिथे बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांचे जड कण एकमेकांवर आपटत राहतात. सोबतीला गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. या धडकांमध्ये जड कणांवर बहुधा ऋण भार जमतो आणि हलके स्फटिक धन भार घेऊन वर फेकले जातात. भारांची ही फारकत वाढत गेली की हवेचं रोधन तुटतं. ढगातून एक अंधुक धार खाली निघते, ती सुमारे ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यावर क्षणभर थांबत, फाटे फोडत. ती जमिनीजवळ आली की झाडं, खांब, माणसं अशा उंच उभ्या वस्तूंमधून छोट्या धारा वर झेपावतात. त्यांतली एक वरच्या धारेला भिडली की मार्ग पूर्ण होतो आणि सरासरी ३०,००० अँपिअरच्या घरातला प्रवाह धावतो. त्या मार्गातली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट तापते. एवढ्या झटक्यात फुगणाऱ्या हवेचा धक्का म्हणजे गडगडाट. बहुतेक वेळा त्याच मार्गाने सेकंदाच्या अगदी छोट्या भागात आणखी तीन-चार झोत जातात, म्हणून वीज लुकलुकल्यासारखी दिसते.

यंत्राच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट अशी, की बहुसंख्य विजा जमिनीवर येतच नाहीत, ढगातल्या ढगात किंवा ढगांमध्ये चमकतात. त्याही रेडिओ लहरी सोडतात आणि यंत्र त्याही मोजतं. पुष्कळदा जमिनीवर पहिली वीज पडायच्या काही मिनिटं आधी ढगात हालचाल सुरू झालेली असते, तेवढा अवधी हाती लागतो. पण नेहमीच लागेल असं नाही. ढग तुमच्याच डोक्यावर तयार होत असेल, तर पहिली वीज चमकेपर्यंत यंत्राला ऐकायला काही नसतं. ढग भारला जातोय हे आधीच सांगणारी यंत्रं वेगळी असतात. ती हवेतलं विद्युतक्षेत्र मोजतात आणि एका जागी पक्की बसवावी लागतात. खिशातल्या यंत्राकडून ती अपेक्षा करू नका. आभाळ काळवंडून फुलकोबीसारखं वर चढताना दिसलं, तर पडदा कोरा असला तरी मी सराव थांबवते.

आता अंतराच्या अंदाजाबद्दल. एका संध्याकाळी डोक्यावर आभाळ निळं होतं, क्षितिजाजवळ फक्त एक करडी भिंत. पडद्यावर आधी ४०, मग ३१, मग एकदम १४ आणि लगेच पुन्हा २०. वादळ मागेपुढे धावत नाही हे उघड आहे. यंत्र आलेल्या लहरींच्या जोरावरून अंतर काढतं, त्यामुळे जवळची मवाळ वीज त्याला लांबची वाटू शकते आणि लांबची जबरदस्त वीज जवळची. अनेक विजांचा हिशेब जमला की अंदाज स्थिरावतो. म्हणून एकाच आकड्यावर मी निर्णय घेत नाही, आकडे कोणत्या बाजूला सरकताहेत ते बघते. १४ आणि १२ आलटून पालटून दिसू लागले तेव्हा मी नजर क्षितिजावर ठेवली, लखलखाट झाला आणि मोजायला सुरुवात केली. ३६ व्या सेकंदाला दबका गडगडाट आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे १२ किलोमीटर. यंत्राशी जुळलं. मुली तोवर दप्तरं उचलून चालू लागल्या होत्या.

इथे यंत्राची जमेची बाजू दिसते. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, वारा उलटा असला किंवा मैदानावर गलका असला तर तेवढाही नाही. ताशी ४० किलोमीटरने सरकणारं वादळ ४० किलोमीटरवर असताना यंत्राने टिपलं, तर ते १० किलोमीटरवर यायला पाऊण तास मिळतो. पाच मिनिटांच्या चालीसाठी हा वेळ चिक्कार आहे. लहान गट असेल, हाकेच्या अंतरावर इमारत असेल, तर 'लखलखाटानंतर ३० सेकंदांच्या आत, म्हणजे १० किलोमीटरच्या आतून, गडगडाट आला की आत' हा नियम पुरतो. पन्नास मुली, दोन चेंडूंच्या जाळ्या आणि एखादीचा मुरगळलेला पाय असेल, तर नाही.

आणि १० किलोमीटर हा आकडा उगाच आलेला नाही. काही विजा ढगाच्या वरच्या, धन भाराच्या भागातून निघतात आणि पावसाच्या सरीपासून खूप लांब, कोरड्या जमिनीवर उतरतात. त्या संख्येने कमी, दहात एकाहून कमी, पण त्यांचा प्रवाह बराच जास्त असू शकतो. आपल्याकडे पाऊस पडत नाही, म्हणून आपण सुरक्षित, हा समज मैदानावर सगळ्यात घातक आहे.

त्रास कुठे होतो तेही सांगते. यंत्राला विजेच्या मोटरीची ठिणगी, चार्जर, मोबाइलचा पडदा असल्या गोष्टी चकवतात. मैदानाला पाणी मारायचा पंप सुरू होताना माझ्या यंत्राने स्वच्छ उन्हात 'डोक्यावर' असं दाखवलंय. चिप असे खोटे संकेत गाळायचा प्रयत्न करते आणि बरेचसे गाळतेही, सगळे नाही. उपाय साधे आहेत. मोबाइलच्या खिशात ठेवू नका. पत्र्याच्या शेडमध्ये टांगू नका, पत्रा लहरी अडवतो. घरात वापरायची आणि उघड्यावर वापरायची अशी दोन सेटिंग्ज असतात, मैदानावर जाताना ती बदलायला विसरू नका. किती विजा टिपल्यावर वाजायचं तेही ठरवता येतं: १, ५, ९ किंवा १६. खोटे इशारे टाळायला बरेच जण ५ ठेवतात. मुलं बरोबर असतील तर १ च ठेवा. पंपामुळे एकदा उगाच आत गेलो तर बुडाला फक्त थोडा सराव.

वीज कोणत्या दिशेला आहे हे हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी अनेक ठिकाणच्या केंद्रांनी एकच लहर नेमक्या कोणत्या क्षणी टिपली याची तुलना करावी लागते. ब्लिट्झऑर्टुंगसारखं हौशी लोकांचं जाळं असंच काम करतं आणि त्याचे नकाशे मोबाइलवर बघता येतात. मी दोन्ही वापरते. नकाशावर वादळ कुठून कुठे चाललंय ते कळतं, पण नेटवर्क गेलं की नकाशा गोठतो, आणि जोरदार वादळात ते जातंच. खिशातल्या यंत्राला कोणाच्या मनोऱ्याची गरज नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. आम्ही इमारतीत बसलोय, पाऊस थांबलाय, लख्ख ऊन पडलंय, आणि कर्णधार विचारते, "मॅडम, थांबला ना पाऊस? जाऊ?" मैदान सांभाळणारे काकाही म्हणतात, "गेलं मॅडम वादळ, खेळू द्या पोरींना." पालक घड्याळ बघत असतात. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं हा नियम मला पाठ आहे, पण उन्हात उभं राहून तो लोकांच्या गळी उतरवणं कठीण असतं. कारण नजरेला दिसणारं सगळं त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. पाऊस पुढे सरकला तरी ढगाचा मागचा पसरट भाग अजून वर असतो, त्यात भार शिल्लक असतो, आणि मघाशी सांगितलेल्या त्या धन भाराच्या जबर विजा या मागच्या भागातूनही येतात. वीज पडून होणाऱ्या दुर्घटना भर पावसापेक्षा वादळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला बऱ्याच होतात, ते यामुळेच. भर पावसात माणसं आपणहून आडोशाला गेलेली असतात.

त्या दिवशी असाच वाद चालू असताना टेबलावर ठेवलेलं यंत्र वाजलं. १२. ऊन तसंच, आवाज काही नाही. सगळ्याजणी पडद्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "काका, अजून वाजतंय." ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून मात्र तेच आधी विचारतात, "यंत्र काय म्हणतंय, मॅडम?" आता राखीव गोलरक्षक मुलगी स्टॉपवॉच घेऊन यंत्राशेजारी बसते. प्रत्येक इशाऱ्याला घड्याळ शून्यावर, पुन्हा ३० मिनिटं. मॅडम अडवताहेत असं कोणी म्हणत नाही, कारण आकडा सगळ्यांसमोर असतो. कान दमतात, मन चळतं, पालकांचा आग्रह वाढतो. यंत्रावर यातल्या कशाचाच परिणाम होत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा राग आहे. यंत्रासोबत आलेल्या माहितीपत्रकात, उघड्यावर अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, एवढंच चित्रासह दिलंय, जणू तो बचाव आहे. अमेरिकेच्या हवामान खात्याने हा सल्ला २००८ पासून देणं थांबवलं, कारण त्याने म्हणावं तसं संरक्षण मिळत नाही आणि लोक इमारत किंवा गाडी गाठायची सोडून मैदानातच बसून राहतात. माणसाच्या थेट डोक्यावर वीज पडणं हा विजेच्या इजांमधला अगदी छोटा वाटा, शंभरात तीन ते पाच. निम्म्याच्या आसपास इजा जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने होतात. वीज पडलेल्या जागेपासून लांब जावं तसा जमिनीतला विद्युतदाब उतरत जातो, आणि दोन पावलांमध्ये जो फरक पडतो तेवढा प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, शिवाय मधे हृदय. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावर एकाच वादळात ३२३ रेनडिअर मेले, ते असेच, घोळक्याने उभे असताना. झाडाखाली गोळा होणाऱ्या मुलांना हे सांगायलाच हवं. झाडावर पडलेली वीज खोडातून उडी मारून शेजारच्या माणसाकडे येते आणि मुळांवाटे सगळ्यांच्या पायांखाली पसरते.

पत्र्याची शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. सुरक्षित जागा दोनच: आत वायरिंग आणि नळ असलेली बंदिस्त पक्की इमारत, किंवा धातूचं बंद छप्पर असलेली गाडी, काचा वर करून. गाडी वाचवते ती धातूच्या सांगाड्यामुळे, रबरी चाकांमुळे नव्हे. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला चाकाचं किंवा बुटाच्या तळव्याचं रबर काय अडवणार? इमारतीतही नळाखाली हात धुणं आणि भिंतीला जोडलेल्या चार्जरवरचा मोबाइल हातात धरणं आमच्याकडे बंद असतं. वायरीला न जोडलेला मोबाइल धोक्याचा नाही, तो वीज ओढत नाही. कुंपणाला टेकून बसायचं नाही हे मात्र मी रोज सांगते. जाळी वीज ओढून आणत नसली, तरी शंभर मीटरवर तिच्यावर पडलेली वीज तारेतून टेकलेल्या पाठीपर्यंत पोहोचू शकते.

माहितीपत्रकात प्रथमोपचाराची एक ओळही नाही, ती असायला हवी होती. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. मृत्यू येतो तो मुख्यतः हृदय बंद पडून. पुष्कळदा हृदय आपोआप पुन्हा सुरू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र जास्त वेळ बधिर राहतं, आणि श्वास नसला की हृदय पुन्हा थांबतं. म्हणून छातीवर दाब देणं आणि तोंडाने श्वास देणं लगेच सुरू करायचं. अनेकजण एकदम पडले असतील, तर आधी निपचित पडलेल्यांकडे धावायचं. जे कण्हताहेत त्यांचा श्वास चालू आहे, ते बहुधा वाचतात. वीज लागलेल्या दहातले नऊ जण जगतात, पण कानाचे पडदे फाटणं, विस्मरण, झोप उडणं, सततच्या वेदना असे त्रास त्यांच्यातल्या अनेकांना वर्षानुवर्षं पुरतात. 'जगला ना, मग झालं' असं कोणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

यंत्राच्या बांधणीबद्दल थोडक्यात. आवाज मोठा आहे, मैदानाच्या मध्यापर्यंत येतो. पडदा उन्हात नीट दिसत नाही, सावली धरावी लागते. लटकवायची दोरी कच्ची निघाली, मी शिट्टीची वापरते. बॅटरी टिकते, पण ती उतरू लागल्याची खूण एवढी बारीक आहे की सरावाआधी मुद्दाम बघावी लागते. वापर नसताना बॅटरी काढून ठेवा.

पुढच्या आवृत्तीत मला एकच बदल हवा आहे: शेवटच्या विजेपासूनची मिनिटं पडद्यावर ठळक दिसावीत आणि नव्या विजेला आपोआप शून्यावर यावीत. अंतराचा आकडा छोटा केला तरी चालेल. खेळाचे शिक्षक, डोंगरवाटांवर गट नेणारे, शेतावर माणसं कामाला लावणारे, बांधकामावरचे मुकादम, ज्यांच्या एका शब्दावर इतरांनी आत जायचं किंवा बाहेर पडायचं असतं, त्यांनी हे जरूर घ्यावं. एकट्याने घराच्या अंगणात वावरणाऱ्याला कान पुरेसे आहेत, गडगडाट ऐकू आला की आत जावं.